ड्रायव्हरचं पोट आणि मालाचं घड्याळ

रस्ता सुरक्षा अभियानातल्या एका तपासणी शिबिराला मी तात्यांना घेऊन गेलो होतो. तात्या माझे धाकटे चुलते. वय त्रेपन्न, त्यातली सत्तावीस वर्षं स्टेअरिंगवर. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, कंबर १०८ सेंटिमीटर. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आपुलकीनं सांगितलं, "तेलकट बंद करा, रोज पाऊण तास चाला आणि रात्री सात-आठ तास झोप घ्या." तात्यांनी विचारलं, "साहेब, चालायला जाताना गाडी कुठं लावू?" मागं रांगेत उभे असलेले लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

बाहेर मांडवात एक गाडीमालक बसले होते. ते म्हणाले, "यांना कितीही सांगा. ड्रायव्हरचा जिभेवर ताबा नाही आणि अंगाला हालचाल नको. मनावर घेतलं तर वजन आठ दिवसांत उतरतं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मालक म्हणतात, अधिकारी म्हणतात, शिकलेले नातेवाईक म्हणतात, आणि ऐकून ऐकून ड्रायव्हरही स्वतःबद्दल तेच म्हणायला लागतात. या वाक्याला उत्तर द्यायला मी लिहितोय. ड्रायव्हरचं पोट वाढतं ते त्याच्या कामाच्या तासांमुळं, आणि ते तास दुसरं कुणीतरी ठरवतं. ते तास तसेच ठेवून त्याला संयमाचे धडे देणं अन्यायाचं आहे; शिवाय त्याचा उपयोगही होत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. पुणे-हैदराबाद रस्ता नळदुर्ग, जळकोट, उमरगा करत कर्नाटकात उतरतो. सोलापूर-धुळे रस्ता तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडं चढतो. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळं एक भाऊ शेतावर आणि एक गाडीवर अशी घरं गावोगाव सापडतात. म्हणून ड्रायव्हरच्या तब्येतीचा प्रश्न हा इथं कुठल्या तरी लांबच्या जमातीचा प्रश्न नाही. तो आमच्या घरातल्या ताटावर बसणाऱ्या माणसाचा आहे.

पहिला आरोप ढाब्याच्या जेवणाचा. तर्री, बटर लावलेली रोटी, वर मटण. यात तथ्य आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि ढाब्यावरच्या शेवभाजीवर असे दोन-तीन चमचे नुसते तरंगत असतात. पण त्याच ढाब्यावर ज्वारीची भाकरी मिळते, पिठलं मिळतं, ठेचा आणि कांदा मिळतो. आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर ढाब्यावर नुसता जेवायला थांबत नाही. भरलेली बारा टायरची गाडी रात्री निर्धास्त उभी करायची, अंगावर दोन बादल्या पाणी घ्यायचं, बाजेवर पाठ टेकायची आणि उठल्यावर टाकीतलं डिझेल जागेवर असायला हवं, तर ढाब्याशिवाय दुसरी जागा त्याला सहसा मिळत नाही. तिथं जेवण हे उभं राहण्याचं भाडं असतं. तात्या घरून धपाटी बांधून नेतात. दोन दिवस टिकतात, दह्याबरोबर किंवा शेंगाचटणीबरोबर खाता येतात. पण धपाटी सोडून नुसता चहा मागितला, की पुढच्या खेपेला ढाबेवाला जागा दाखवताना तोंड फिरवतो. मग धपाटी केबिनमध्ये राहते आणि ताटाची ऑर्डर जाते.

आता ते ताट किती वाजता समोर येतं ते पाहा. मागच्या उन्हाळ्यातल्या एका खेपेचा हिशेब मी तात्यांना विचारून वहीत लिहून ठेवलाय. कलबुर्गी भागातलं सिमेंट पुण्याला न्यायचं होतं. पहाटे पाचला कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लावला. गाडी भरून झाली दुपारी तीनला. मधले दहा तास केबिनमध्ये, बाहेर रखरखतं ऊन. रांग कधी सरकेल याचा नेम नाही आणि नंबर हुकला तर उद्यावर जातो, म्हणून लांब जायची सोय नाही. ताडपत्री बांधून, कागद घेऊन चारला निघाले. शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी असते, म्हणून उजाडायच्या आत पोचायलाच हवं. रात्री साडेअकराला जेवण. पुढं कुठंतरी दोन तास डोळा लावला. पहाटे साडेपाचला गोदामासमोर. हमाल आले नऊला. म्हणजे पहाटे पाच ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे साडेपाच, या साडेचोवीस तासांत झोप दोन तास, आणि पोटभर जेवण एकच, तेही मध्यरात्रीच्या तोंडावर. जिभेवर ताबा ठेवायला सांगणाऱ्यांनी आधी हे वेळापत्रक आठवडाभर स्वतः जगून पाहावं.

झोप आणि भूक यांचा संबंध आता प्रयोगशाळेत मोजलेला आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली बारा निरोगी, सडपातळ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ खाण्याची ओढ लागली. हे तरुण ड्रायव्हर नव्हते, त्यांना ढाब्याची सवय नव्हती, आणि प्रयोग दोनच रात्रींचा होता. तात्यांच्या अशा रात्री सत्तावीस वर्षांच्या आहेत. त्याच विद्यापीठातला २०२२ सालचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, जास्त वजनाच्या ऐंशी माणसांपैकी निम्म्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली. खाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं आपोआप दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. जिभेला कुणी हात लावला नव्हता.

दुसरा आरोप व्यायामाचा. गाडी भरायला दहा तास उभी असते, तेव्हा चालायला काय होतं? याचं उत्तर तात्यांच्या पट्ट्यावर आहे. तो तपकिरी चामडी पट्टा मी हातात घेऊन पाहिलाय. कंपनीनं पाडलेली भोकं पाच. पुढं तापवलेल्या खिळ्यानं पाडलेली तीन, कडेला जळल्याचा काळा डाग असलेली. प्रत्येक भोक कधी पडलं ते तात्यांना पाठ आहे. पहिलं पडलं ते पॉवर स्टेअरिंगची गाडी हातात आली त्यानंतर. त्याआधी वळणावर जड स्टेअरिंग फिरवताना दंडाला घाम फुटायचा. ती मेहनत एकदम थांबली. दुसरं पडलं क्लीनर काढून टाकल्यावर. बरोबर माणूस होता तोवर गाडी त्याच्यावर सोडून लांबवर फिरून येता यायचं, टायर दोघं मिळून बदलायचे. एकट्यानं गाडी सोडली की डिझेल जातं, बॅटरी जाते, ताडपत्री फाडून माल जातो, आणि भरपाई पगारातून कापली जाते. तिसरं पडलं रात्रीची खेप कायमची झाली तेव्हा. या तीनही वेळी तात्यांच्या स्वभावात काही बदललं नव्हतं. धंद्याची रीत बदलली होती, आणि प्रत्येक बदलाची नोंद पट्ट्यावर झाली.

जगानं ही गोष्ट फार पूर्वी मोजली आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसातून शेकडो पायऱ्या वर-खाली करणारा. बस तीच, शहर तेच, कामगारांचा थरही जवळपास तोच. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला आणि तो जास्त जीवघेणाही ठरला. मग १९५६ साली मॉरिस आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली. प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. तरुण वयातही हा फरक दिसत असल्यानं, मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत असतील का, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि मॉरिस यांनी तो टाळला नाही. पुढच्या सत्तर वर्षांत बैठ्या कामाचे परिणाम इतक्या ठिकाणी, इतक्या रीतींनी तपासले गेले, की बसून राहण्यानं शरीर बिघडतं यावर आता वाद उरलेला नाही. लंडनच्या विजारी आणि तात्यांचा पट्टा एकच साक्ष देतात.

तिसरा आरोप व्यसनाचा, आणि तो सगळ्यांत कडवट असतो. मावा, तंबाखू, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखू घातक आहे. तोंडाचा कर्करोग झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण पहाटे तीन वाजता ड्रायव्हर मावा का तोंडात टाकतो, हे त्याला विचारा. झोप येऊ नये म्हणून. पाठोपाठ साखरेचा चहा, तोही झोप येऊ नये म्हणूनच. ज्याला रात्री झोपायची मुभा आहे त्याला जागं राहण्याचं औषध लागत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ट्रकचालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात असं दिसलं, आणि निम्म्याच्या जवळपास चालकांनी थकवा किंवा झोप आली तरी गाडी हाकत राहतो असं सांगितलं. खेपेवर पैसे मिळणाऱ्याला थांबणं परवडत नाही. मालकानं झोपेवर दंड लावायचा आणि समाजानं तंबाखूवर बोट ठेवायचं, हा न्याय मला मान्य नाही.

चौथा मुद्दा शहाण्या माणसांचा असतो. ते म्हणतात, हा आपल्या देशी अडाणीपणाचा परिणाम आहे. तिकडं परदेशात ड्रायव्हर कसे टापटीप राहतात बघा. मग तिकडंच बघू. अमेरिकेत गाड्यांना झोपायची केबिन असते, एसी असतो, थांब्यांवर अंघोळीची सोय असते, दिवसात अकरा तासांहून जास्त गाडी चालवायला कायद्यानं मनाई आहे. तिथल्या सरकारी संस्थेनं २०१० साली लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांची देशभर पाहणी केली. लठ्ठ निघाले ६९ टक्के. तिथल्या इतर नोकरदारांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. धूम्रपान करणारे ५१ टक्के, इतरांत १९. भाषा वेगळी, अन्न वेगळं, पगार कितीतरी मोठा, आणि पोट मात्र आपल्यासारखंच. इतक्या लांबच्या दोन देशांत एकाच धंद्यातली माणसं एकाच रीतीनं बिघडत असतील, तर खोट माणसांत शोधायची की धंद्यात?

"मनावर घेतलं तर आठ दिवसांत उतरतं" या दाव्याचा हिशेबही करून टाकू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर एक किलो उतरायला पंधरा दिवस लागतात, आणि पुढं पुढं शरीर हट्टाला पेटतं तसा वेग आणखी मंदावतो. आठ दिवसांत जे उतरतं त्यात बराचसा भाग पाण्याचा. निर्धाराची ताकद किती, हेही अमेरिकेत मोजलं गेलं. साडेचारशेच्या आसपास ट्रकचालकांच्या एका प्रयोगात काहींना वजन कमी करण्याची सांघिक स्पर्धा, मोबाइल-संगणकावरचे धडे आणि फोनवरून धीर देणारा मार्गदर्शक असं सगळं पुरवलं. सहा महिन्यांनी त्यांच्यात आणि बाकीच्यांत सव्वातीन किलोंचा फरक पडला. हे यश आहे, आणि मी ते यशच मानतो. पण ते मिळालं कसं? संघ, शिक्षण आणि पाठीशी माणूस असं सगळं देऊन. आपण ड्रायव्हरला काय देतो? शिबिरात एक पत्रक.

मग सांगितलं जातं, की ड्रायव्हर सापडतच नाहीत, आज इथं तर उद्या तिथं, त्यांच्यासाठी योजना राबवायची कशी? हे खरं नाही. एचआयव्हीची भीती पसरली होती तेव्हा ड्रायव्हर बरोबर सापडले होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं ट्रकचालकांसाठी खास कार्यक्रम आखले. टीसीआय फाउंडेशननं 'प्रोजेक्ट कवच'मधून महामार्गांवरच्या थांब्यांवर 'खुशी' दवाखाने चालवले, जिथं ड्रायव्हर उतरतो तिथं आणि त्याच्या सवडीनं. तेव्हा त्याच्यापासून दुसऱ्यांना धोका आहे असं वाटत होतं, म्हणून यंत्रणा त्याच्या दारात गेली. रक्तदाब आणि साखरेनं तो एकटाच मरतो, म्हणून यंत्रणेला तो सापडेनासा झाला. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी पाहतात, लाल-हिरवा रंग ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हातपाय धड आहेत का, हे पाहतात. रस्त्यावरच्या इतरांसाठी तो धोक्याचा आहे का, एवढंच त्यात विचारलेलं आहे. साखर आणि कंबर मोजा असं त्यात नाही.

आता कायदा. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८, लांबच्या पल्ल्याला दहा आणि ५४, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी. पासष्ट वर्षांपूर्वी संसदेनं हे लिहून ठेवलं आणि २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावला गेला. पण १९६१ च्या त्या कायद्यात दोन भोकं होती आणि तात्यांसारखे बहुतेक ड्रायव्हर त्यातूनच खाली पडले. एक म्हणजे पाच किंवा जास्त कामगार असतील तरच तो लागू. आमच्याकडं एक-दोन गाड्यांचे मालक गल्लोगल्ली आहेत. त्यांचा ड्रायव्हर कायद्याच्या बाहेर. दुसरं म्हणजे थांब्यावर नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामाच्या तासांत धरायचा, अशी त्यातली व्याख्या. गेटबाहेरचे तात्यांचे दहा तास कशात धरायचे? ते कामही नाही आणि विश्रांतीही नाही. अर्धं आयुष्य अशा बेवारस तासांत जातं.

मालाचं मात्र तसं नाही. मालाच्या प्रत्येक तासाला कुणीतरी धनी आहे. ई-वे बिलाची मुदत ठरलेली आहे, दर २०० किलोमीटरला एक दिवस. कायद्यानं मालाला दिवसाला दोनशे किलोमीटर पुरेसे मानले, आणि सेव्हलाइफच्या त्याच पाहणीत ड्रायव्हर दिवसाला चारशेच्या वर किलोमीटर पळताना दिसला. गोदामाला उजाडायच्या आत माल हवा, शहराला दिवसा ट्रक नको, व्यापाऱ्याला उशिराचे पैसे कापायचेत. ही सगळी घड्याळं एकाच माणसाच्या झोपेतून वेळ काढतात.

"तासांची नोंद ठेवणार कोण?" असा शेवटचा प्रश्न येतो. नोंद आधीच आहे. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. तात्यांची गाडी उमरग्याजवळच्या तलमोड नाक्यावरून किती वाजता गेली, अणदूरजवळच्या फुलवाडी नाक्यावरून किती वाजता, सोलापूरच्या पुढं सावळेश्वरला किती वाजता, याचा मेसेज त्याच क्षणी मालकाच्या मोबाइलवर पडतो. गाडी अर्धा तास एका जागी थांबली तर जीपीएस बघून फोन येतो, "का थांबला?" गाडी थांबल्याची नोंद जे ठेवू शकतात ते गाडी थांबलीच नाही याचीही ठेवू शकतात. यंत्र तयार आहे, त्याला प्रश्न उलट विचारायचा आहे.

काय करायला हवं ते सांगतो. साखर कारखाने, सिमेंट कारखाने आणि बाजार समित्या यांनी मोबाइलवर टोकन द्यावं, म्हणजे ड्रायव्हर गाडी लावून झोपू शकेल, फिरू शकेल. गेटबाहेर सावली, पाणी, स्वच्छतागृह असावं. आज लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि मूतखडा करून घ्यायचा, असं चालू आहे. ठरावीक तासांपुढच्या हॉल्टिंगचे पैसे मालकाबरोबर ड्रायव्हरच्याही हातात पडावेत. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा केली, तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाच्या सोयी उभ्या केल्या, २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण खाट देऊन झोप येत नाही; झोपायला वेळ द्यावा लागतो. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उमरगा आणि तुळजापूरला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. आठवड्यातून एक रात्र फुलवाडी, तलमोड, तामलवाडी, येडशी या नाक्यांवर रक्तदाब-साखर तपासणीचं टेबल मांडणं जिल्ह्याला अवघड नाही.

आणि आता माझ्या ड्रायव्हर भावांना. दोष तुमचा नाही असं मी म्हणतोय, म्हणून हात बांधून बसा असं म्हणत नाही. "ड्रायव्हरकी म्हटल्यावर असंच असतं" हे वाक्यही मला तितकंच खोटं वाटतं. तुमच्या हातात थोडंच आहे, पण आहे. दिवसाचे दहा चहा, प्रत्येकात दीड-दोन चमचे साखर. ही पाऊणशे ते शंभर ग्रॅम साखर झाली, म्हणजे तीनशे ते चारशे कॅलरी. पाच चहा कमी केले तरी अर्धी गेली. थंड पेयाची बाटली सोडा. रात्रीच्या जेवणाची वेळ जमेल तितकी अलीकडं ओढा, रोटीऐवजी भाकरी सांगा, तर्री वरून काढायला लावा. गाडी लांब सोडता येत नसेल तर गाडीभोवती फिरा. बारा टायरच्या गाडीला एक फेरी म्हणजे तीस मीटरच्या आसपास, शंभर फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटर. टायर ठोकून बघायला तुम्ही फिरताच, आणखी काही फेऱ्या घाला.

काट्यावर विसंबू नका. "मी कुठं जाड आहे, नुसतं पोट आहे," असं पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपलं हे शरीर जगाला समजावून सांगितलं. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि जॉन यूडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा एकत्र फोटो प्रसिद्ध केला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी यूडकिन यांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, असा आपला बांधा असतो, आणि मधुमेहाचा धोका त्याच चरबीनं वाढतो. म्हणून बेंबीशी फीत धरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की तपासणी करून घ्या. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. घोरणं मोठं असेल, रात्री श्वास अडकून जाग येत असेल, दिवसा स्टेअरिंगवर पेंग येत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो झोपेतला आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे. आणि पावडरी, कडक उपास, एकदम जेवण बंद हे प्रकार ड्रायव्हरनं करू नयेत. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन जेवण चुकवलं, तर साखर झपकन उतरते आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. तुमच्या हाताखाली तीस टनांहून जड गाडी असते.

मागच्या वर्षी चार महिने तात्यांना जवळच्याच एका कामावर दिवसाची खेप मिळाली होती. सकाळी सातला निघायचे, संध्याकाळी सातला घरी. पथ्य वेगळं काही केलं नाही. काकूच्या हातची भाकरी आठ वाजता खाऊन दहाला झोपायचे. चार महिन्यांनी पट्टा एका भोकानं आत आला होता. ते काम संपलं, रात्रीची खेप परत आली, आणि पट्टा पुन्हा तिसऱ्या भोकावर गेला. एका माणसाच्या गोष्टीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला समजतं. पण तोच माणूस, तीच जीभ, तोच आळस किंवा उत्साह. बदलले होते फक्त तास.

पुढच्या जानेवारीत पुन्हा शिबिरं भरतील. भरवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. ड्रायव्हरची साखर जरूर मोजा, कंबर मोजा. त्याच दिवशी त्याच्या मालकाकडून गेल्या महिन्याची फास्टॅगची आणि जीपीएसची नोंद मागवा आणि गाडी रोज किती तास चालली, किती तास रांगेत उभी राहिली ते काढा. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि तो कागद ड्रायव्हरबरोबर मालकाच्याही हातात द्या.